चौथ्या मजल्यावरून तीर्थ

देवावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी 'आहे' म्हणालो असतो. पण खरं सांगायचं तर तो चालत्या गाडीतला विश्वास होता. एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. आमची लातूर-नांदेड गाडी माळेगाववरून जायची. खंडोबाचं देऊळ जवळ आलं की अख्खी गाडी हात जोडायची, ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा एक हात काढून छातीला लावायचा आणि मी तिकिटाची पेटी सावरत मान तेवढी वाकवायचो. उतरून आत जाणं एकदाही झालं नाही. गाडी वेळेवर पोचवणं हीच माझी सेवा, असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "सेवा म्हना न्हाईतर आळस म्हना, त्याला सगळं कळतंय." अशा माणसावर परमुलखात, भर उन्हाळ्यात, देवाला सांभाळायची पाळी आली. ती मी कशी निभावली, किंवा कशी निभावली नाही, ते प्रांजळपणे लिहून ठेवतो आहे.

आमची एकुलती एक लेक मनीषा लग्नानंतर जर्मनीला गेली. तिचं पहिलं लेकरू सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्या दु:खाविषयी आमच्या घरात कुणी बोलत नसे, पण तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिच्या आईनं चार महिने आधीपासून डिंक, खारीक, बाळंतशोपा डब्यांत भरायला घेतल्या. दोघांचा व्हिसा झाला, तिकिटं आली. आणि निघायला बारा दिवस उरले असताना ती निलंग्याच्या आमच्या अंगणात पाय घसरून पडली आणि घोट्याचं हाड मोडून बसली. लेकीच्या बाळंतपणाला बाप एकटा निघाला. गल्लीत हसू झालं. शेजारचे गुरुजी म्हणाले, "कंडक्टर, तिकडं जाऊन काय करनार? तिकीट फाडनार का?" मलाही नेमकं तेच समजत नव्हतं.

निघताना बायकोनं पलंगावर बसल्या बसल्या माझ्या हातात लाल फडक्यात बांधलेला खंडोबाचा टाक दिला. टाक म्हणजे विड्याच्या पानाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला देव. आमच्या देव्हाऱ्यातला तो, तीन पिढ्यांचा. ती म्हणाली, "डॉक्टर बीपी वाढलंय म्हनत्यात. गेल्या गेल्या देव पान्यात घाला. लेकरू हाताला लागंस्तोवर काढू नका. पानी रोज बदला, पन देव पान्याबाहीर यायला नको. अन् ते पानी मोरीत वतू नका, झाडाला घाला. न्हाई म्हनू नका."

मी नाही म्हटलं नाही. तिला नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. पण देव पाण्यात ठेवणं हा प्रकार मला नेहमी साहेबाला घेराव घालण्यासारखा वाटत आला. काम करत नाहीस तोवर खुर्चीतून उठू देत नाही, असं देवाला बजावायचं. देव खरोखर असेल तर त्याला हे शोभतं का, आणि नसेल तर पाणी कशाला वाया घालवायचं, असे विचार करत मी विमानात बसलो आणि खिशातलं फडकं मात्र दर तासाला चाचपून पाहत राहिलो.

जर्मनीत उकाडा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन स्वेटर आणि एक कानटोपी घेऊन उतरलो तेव्हा रस्त्यावर माणसं चड्डीवर फिरत होती. जावईबापू म्हणाले, "अण्णा, यंदा सदतीसपर्यंत जाणार म्हणतात." मला हसू आलं. आम्ही चव्वेचाळीसमध्ये पत्र्याच्या गाडीत उभ्यानं तिकिटं फाडलेली माणसं, मला सदतीस काय सांगता, असं मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरातल्या फरशीवर उघडा आडवा पडलेला होतो. घर चौथ्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली, थंडीसाठी बांधलेलं. ऊब आत यायची ती बाहेर जायचं नाव घ्यायची नाही. छताला पंखा नव्हता, पंखा टांगायचा हूकही नव्हता. बाजारातले टेबलफॅन संपले होते. आपल्याकडे ऊन कडक असलं तरी माणसानं त्याची सोय लावलेली असते, माठ असतो, वाळा असतो, लिंबाची सावली असते. तिथं बिचाऱ्यांना उन्हाशी वागायचं कसं तेच माहीत नव्हतं. मी टॉवेल भिजवून खिडकीला लावले, सोबत नेलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील करून लेकीला पाजली आणि ऊन बाधू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवायला लागलो. तो कांदा पाहून जावईबापूंनी काही विचारलं नाही. फार सालस मुलगा आहे.

भरीला वादळं. दर दोन-तीन दिवसांनी दुपारी आभाळ काळं व्हायचं, कडाडून वीज पडायची, वाऱ्यानं खिडक्या आपटायच्या आणि तासाभरात पुन्हा तोच उकाडा. मनीषाचे पाय सुजायचे. बीपीचं यंत्र दिवसातून तीनदा लागायचं आणि आकडा येईपर्यंत आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळायचो. मी रोज मनाशी म्हणायचो, एवढी खेप नीट जाऊ दे. कुणाला म्हणायचो ते स्पष्ट नव्हतं.

देव काचेच्या वाडग्यात होता. पहिल्या दुपारी मी बोट घालून पाहिलं तर पाणी चहासारखं. मला एकदम कणव आली. घेराव घातला म्हणून साहेबाला उकडून काढायचं नसतं. मी वाडगा उचलून फ्रिजमध्ये ठेवला. संध्याकाळी जावईबापूंनी पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, दह्याच्या शेजारी देव आहेत." मग माझ्या लक्षात आलं की वरच्या कप्प्यात अंडी आहेत. खंडोबाला अंड्यांचं काही नसावं, पण बायकोला असतं. वाडगा देवासकट पुन्हा फ्रिजबाहेर आला आणि मी दिवसातून तीनदा पाणी बदलायला लागलो.

खरी पंचाईत इथेच झाली. ते पाणी म्हणजे तीर्थ. मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं. घरात एकच झाड होतं, आणि ते प्लॅस्टिकचं निघालं. पहिले चार दिवस मी वाडगा घेऊन चार मजले उतरलो आणि बागेतल्या झुडपाला पाणी घालून पुन्हा चढलो. लिफ्ट नव्हती. एकतीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून झिजलेले गुडघे पाचव्या दिवशी बोलायला लागले. मग मी गॅलरीतून वाकून पाहिलं. बरोबर खाली, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कठड्याला लांबट कुंड्या आणि त्यांत लालभडक फुलं. देवानंच सोय केली असं समजून मी वाडगा कलता केला. देव पाण्याबाहेर येऊ नये म्हणून तो अंगठ्यानं काचेला दाबून धरायचा, खाली थोडं पाणी ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं, असं तंत्र मी बसवलं.

खाली एक बाई एकटी राहत होती. माझ्याच वयाची, उंच, पांढरे आखूड केस, चेहऱ्यावर सदा ब्रेक लावल्यासारखा भाव. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला तिची चिठ्ठी लागली. जावईबापूंनी वाचली आणि मला नरमाईनं म्हणाले, "खालच्या काकू विचारताहेत, वरून पाणी का पडतं?" मी म्हणालो, "ते पाणी न्हाई, तीर्थ हाय म्हनून कळवा." त्यांनी काय कळवलं देव जाणे. पाच दिवसांनी दुसरी चिठ्ठी आली, तिच्यात उद्गारचिन्हं होती. मग मी तिसऱ्या मजल्यावरून जाताना मान खाली घालायला लागलो, पण पाणी काही थांबवलं नाही. एकीकडे बायको, दुसरीकडे परकी बाई. कुणाला भ्यायचं हे ठरलेलंच होतं. तिसऱ्या चिठ्ठीत शब्दच नव्हते. तिनं चित्र काढलं होतं. वर एक पोट सुटलेला माणूस वाडगा ओततो आहे, खाली बाणाची खूण, आणि बाणाच्या टोकाला एक मोठी गोल वस्तू. त्या गोल वस्तूचा अर्थ आम्हाला लागेना. जावईबापू म्हणाले, कचऱ्याचा डबा असावा, म्हणजे तिथं टाका. मला तो अपमान वाटला आणि मी चिठ्ठी घडी करून कांद्याच्या खिशात ठेवली.

दिवस भरायला अजून आठवडा होता, म्हणून जावईबापू एका दिवसासाठी परगावी कामाला गेले. त्या दुपारी चारच्या सुमाराला आभाळ असं दाटून आलं की घरात दिवे लावावे लागले. मी म्हटलं, पाऊस येण्याआधी देवाचं पाणी बदलून घेऊ. गॅलरीत उभा राहिलो, अंगठा दाबला, वाडगा कलता केला आणि समोरच्या टेकडीवर वीज कोसळली. मी दचकलो, अंगठा सुटला. पाण्याबरोबर काहीतरी चमकत खाली गेलं. वाडग्यात पाहिलं तर वाडगा रिकामा. त्याच क्षणी आतून मनीषानं हाक मारली, "अण्णा, कळा सुरू झाल्या."

लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलं आहे. पहिला विचार लेकीचा आला नाही, तिच्या आईचा आला. दुसरा विचार आला तो बायकोच्या शब्दांचा. लेकरू हाताला लागेपर्यंत देव पाण्याबाहेर यायला नको, असं ती म्हणाली होती. ज्याला मी महिनाभर घेराव म्हणून हसलो होतो, तो आता माझ्या हातून मोडला होता, आणि तोही नेमका या घटकेला. बाहेर गारा सुरू झाल्या. मनीषानं फोन लावले. झाडं पडल्यामुळे गाड्या अडकल्या आहेत, ॲम्ब्युलन्सला वेळ लागेल, असं उत्तर आलं. टॅक्सी मिळेना. जावईबापूंची आगगाडी शेताच्या मध्येच उभी राहिली होती. मनीषा पलंगाची कड धरून वाकली होती आणि मी तिच्यासमोर रिकामा वाडगा घेऊन उभा होतो. मला काहीही येत नव्हतं. तिकीटसुद्धा फाडता येत नव्हतं. मी म्हणालो, "तू बस, मी आलोच," आणि खाली पळालो. निदान देव तरी हुडकावा, एवढंच डोक्यात होतं.

खालच्या बाईनं दार उघडलं. मी हात जोडले. मग गॅलरीकडे बोट केलं, मग घोड्यावर बसल्यासारखा लगाम धरून दाखवला, मग हातानं वरून खाली पडल्याची खूण केली आणि पुन्हा हात जोडले. तिनं थोडा वेळ पाहिलं. तिला वाटलं असावं की म्हातारा अखेर माफी मागायला आला. तिनं मोठ्या मनानं मान हलवली आणि दार लावायला लागली. तेवढ्यात जिन्यातून मनीषाचं कण्हणं आलं. माझ्यामागे यायला म्हणून ती भिंत धरून आमच्या दारापर्यंत आली होती. बाईनं मान वर करून ऐकलं. मग मला हातानं बाजूला सारलं आणि पायातल्या सपातांसह दोन-दोन पायऱ्या चढून वर गेली. दोघी काय बोलल्या मला कळलं नाही. बाई परत खाली आली ती किल्ल्या घेऊनच. मी गॅलरीकडे बोट करून "देव, देव" म्हणत होतो. तिनं माझ्या दंडाला धरून मला जिन्याकडे वळवलं.

तिची गाडी जुनी आणि लहान होती. मागे मनीषा आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर, माझ्या खिशात कांदा. समोरच्या काचेवर पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण बाई अशी चालवत होती की वळण येण्याआधीच तिच्या हाताला कळावं. दवाखाना जवळ आला असेल नसेल, तेवढ्यात एका अरुंद गल्लीत मोठं झाड आडवं पडलेलं. दोन्ही बाजूंना उभ्या मोटारी, मागची काच धूसर, वळायला जागा नाही. बाईनं पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं. आणि मला जर्मनीत उतरल्यापासून पहिल्यांदा असं वाटलं की मला काय करायचं ते माहीत आहे.

मी खाली उतरलो. गारा टाळूवर बसत होत्या. गाडीच्या मागे जाऊन मी पत्र्यावर हात मारला, एका ठेक्यात, आपण स्टँडवर मारतो तसा, आणि ओरडलो, "येऊ द्या… येऊ द्या… डाव्या हाताला… येऊ द्या." गाडी मागे यायला लागली. मी पावलापावलानं मागे सरकत होतो, ती माझ्या हातामागे येत होती. एके ठिकाणी मोटारीचा आरसा चार बोटांवर आला, मी एक जोरात थाप मारली. गाडी जागच्या जागी थांबली. जरा पुढे घेतली, पुन्हा ठेका धरला, पुन्हा मागे. गल्लीच्या तोंडाशी मोकळा रस्ता लागला तेव्हा मी आत बसलो, दार ओढलं आणि सवयीनं दारावर दोनदा मारलं. गाडी सुटली. मनीषा दातओठ खात, कळेच्या मधल्या सुट्टीत म्हणाली, "अण्णा, ह्या सिटीबस चालवायच्या. रिटायर झाल्यात." मी म्हणालो, "ते मला पत्र्यावर कळलं."

दवाखान्यात तिला आत नेलं आणि आम्ही दोघं बाकड्यावर बसलो. अंगातून पाणी निथळत होतं. खिशातला कांदा पडून बाईच्या पायाशी गेला. तिनं तो उचलला, उलटसुलट पाहिला आणि काही न विचारता परत माझ्या खिशात ठेवला. मला भडभडून आलं. मी तिच्याशेजारी बसून मोठ्यानं रडलो. रडत रडत तिला मराठीत सगळं सांगितलं, लेकीचं पहिलं लेकरू, बायकोचा घोटा, देवाचं पाणी, माझा अंगठा. ती मान हलवत ऐकत होती. त्या दिवसापासून मी तिला अक्का म्हणतो.

बाहेर अजून उजेड होता तेव्हा नर्सनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली नात माझ्या हातात दिली. दोघी सुखरूप होत्या. निलंग्यात तोवर अर्धी रात्र झाली होती, पण पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. बायको आधी रडली, मग हसली, आणि मग म्हणाली, "आता देव काढा पान्यातून." मी म्हणालो, "घरी जाऊन काढतो." ती म्हणाली, "मधी एकदा बी बाहीर आला न्हाई नं?" मी म्हणालो, "आवाज नीट येत न्हाई," आणि फोन ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्याशी खोटं बोलण्याची वेळ फारशी आली नव्हती, कारण ते जमत नाही.

जावईबापू आले, तसं अक्कानं मला घरी आणलं. तिच्या दाराशी मी पुन्हा गॅलरीकडे बोट केलं. ती मला आत घेऊन गेली. वादळानं निम्मी फुलं झोडपली होती. कुंड्यांत देव नव्हता. मी गुडघ्यावर बसून फरशी चाचपत होतो, तेव्हा अक्कानं माझ्या खांद्याला बोट लावलं आणि कोपऱ्याकडे दाखवलं. आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली पत्र्याचा एक मोठा गोल टब होता. चिठ्ठ्या यायला लागल्यापासून मी पाणी ओतताना खाली बघणंच सोडलं होतं. मला ते चित्र आठवलं. मी पाणी ओतायचं थांबवत नाही हे पाहून बाईनं टब आणून ठेवला होता आणि चित्र काढून कळवलं होतं की ओतायचंच असेल तर इथं ओता. तिच्या झारीकडे तिनं बोट केलं, मग फुलांकडे. दोन आठवडे ती माझं तीर्थ गोळा करून झाडांना घालत होती. बायकोनं सांगितलं होतं तसंच. टब पावसानं काठोकाठ भरला होता. तळाशी, वर तरंगणाऱ्या लाल पाकळ्यांखाली, खंडोबा उताणा पडला होता, घोड्यासकट.

मी खांद्यापर्यंत हात घालून देव काढला. पुसायला सुकं काहीच नव्हतं. अक्कानं आपला रुमाल पुढे केला. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं संध्याकाळी तिच्या गॅलरीत बसून आंबील प्यायचो. भाषा आम्हाला शेवटपर्यंत आली नाही.

यात चमत्कार आहे का, मी सांगू शकत नाही. अंगठा सुटला नसता तर मी खाली गेलो नसतो, आणि भीती वाटली नसती तर दार वाजवलं नसतं. एवढं खरं. महिनाभर मी देवाला अंगठ्यानं दाबून धरलं होतं आणि त्यालाच भक्ती समजत होतो. हातात काही उरलं नाही तेव्हा कुठे दुसऱ्यापुढे हात जोडले गेले. त्या उन्हाचे, त्या गारांचे, खालच्या मजल्याचे आणि त्या पत्र्याच्या टबाचे माझ्यावर उपकार आहेत.

परत आल्यावर बायकोचा पाय चालता झाला, तसे आम्ही लातूरहून नांदेडच्या गाडीत बसलो. कंडक्टर पोरगेलासा होता. कुठं जायचं, म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी माळेगावचं तिकीट काढलं. देवळाच्या पायरीवर बसून बायकोला सगळं सांगितलं, वाडगा, वीज, अंगठा, काही म्हणजे काही लपवलं नाही. ती पदरानं टाक पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "मला ठाऊक व्हतं तुमच्या हातून सुटनार. तुमाला देव सांभाळाया धाडलं न्हवतं. देवाला तुमाला सांभाळाया धाडलं व्हतं."

मग तिनं टाक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "धरा नीट."